लायडार : प्रकाशाच्या मापाने इंदूरची भूमी

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले इंदूर डोळ्यांना सपाट दिसते. राजवाड्यावरून निघून पलासियाकडे किंवा विजयनगरकडे जाणाऱ्या माणसाला चढ-उताराची फारशी जाणीव होत नाही. पाण्याला ती होते. ऑगस्ट २०२० मध्ये एका दिवसात दहा इंचांहून अधिक पाऊस या शहरावर कोसळला. अशा पावसात कोणती वस्ती पाण्याखाली जाणार आणि कोणती कोरडी राहणार, हे पुष्कळदा हातभर उंचीच्या फरकाने ठरते. हा हातभर फरक साध्या नकाशात दिसत नाही आणि उपग्रहावरून तयार केलेल्या सर्वसाधारण उंचीनकाशातही दिसत नाही. विस्तीर्ण प्रदेशावर तो टिपण्याचे आज उपलब्ध असलेले सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे लायडार.

‘लाइट डिटेक्शन अँड रेंजिंग’ या शब्दसमूहाचे हे संक्षिप्त रूप. रडार रेडिओलहरींच्या साह्याने जे काम करते, तेच लायडार लेसर प्रकाशाच्या साह्याने करते. विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोनवर बसवलेल्या यंत्रातून प्रकाशाचा अत्यल्प काळाचा स्पंद जमिनीकडे सोडला जातो. तो आदळून परत येईपर्यंत गेलेला वेळ मोजला, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणले आणि दोनने भागले की यंत्र व वस्तू यांमधील अंतर मिळते. विमान १००० मीटर उंचीवर असेल, तर ही जा-ये सेकंदाच्या सुमारे दीड लाखाव्या भागात पूर्ण होते. वेळ मोजताना एका नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतर १५ सेंटीमीटरने चुकते. असे लक्षावधी स्पंद दर सेकंदाला सोडले जातात.

केवळ अंतर कळून भागत नाही. स्पंद सुटला त्या क्षणी विमान नेमके कोठे होते आणि ते किती कललेले होते, हेही माहीत असावे लागते. पहिली गोष्ट उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने, तर दुसरी जडत्वमापक यंत्राने कळते. हजार मीटर उंचीवर कोनात अंशाचा शंभरावा भाग एवढी चूक झाली, तरी जमिनीवरील बिंदू सुमारे १७ सेंटीमीटर बाजूला सरकतो. म्हणूनच लायडारच्या खर्चात लेसरबरोबरच या सोबतच्या यंत्रांचा आणि जमिनीवरील नियंत्रणबिंदूंचाही वाटा असतो. काळजीपूर्वक केलेल्या हवाई सर्वेक्षणात उंचीची चूक साधारणतः ५ ते १५ सेंटीमीटरांच्या आत राहते.

पहिला लेसर १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत प्रकाशित केला आणि पुढील काही वर्षांतच त्याने अंतरे मोजण्याचे प्रयोग सुरू झाले. १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत चंद्राची उंची-खोली लेसरने मोजली गेली. भारताच्या चांद्रयान-१ वरही २००८ मध्ये याच तत्त्वावर चालणारे यंत्र होते. चंद्रावर झाडे नाहीत. पृथ्वीवर ती आहेत, आणि लायडारचे खरे कौतुक तेथूनच सुरू होते.

एका किरणाची अनेक उत्तरे

विमानातून निघालेला किरण जमिनीपर्यंत पोहोचेतो पसरून वीतभर ते हातभर व्यासाचा होतो. त्याचा काही भाग झाडाच्या शेंड्यावर आदळून परततो, काही मधल्या फांद्यांवरून आणि उरलेला पानांमधील फटींतून खाली उतरून जमिनीवरून परततो. एकाच स्पंदाची ही तीन-चार उत्तरे यंत्र वेगवेगळी नोंदवते. छायाचित्राला हे जमत नाही. झाडाखालची जमीन त्याला कधीच दिसत नाही. लायडारमध्ये पहिल्या परतीवरून झाडांचा व छपरांचा पृष्ठभाग मिळतो, शेवटच्या परतीवरून उघडी भूमी मिळते आणि दोहोंच्या वजाबाकीतून झाडांची उंची हाती येते.

हे सर्व बिंदू एकत्र केले की त्रिमितीय बिंदूंचा एक मोठा मेघ तयार होतो. प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश आणि उंची असते. शिवाय परतलेला प्रकाश किती प्रखर होता, हेही नोंदलेले असते. त्यातले कोणते बिंदू जमिनीचे, कोणते झाडाचे, कोणते इमारतीचे आणि कोणते विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याचे, याची निवड संगणक करतो. ती निवड तपासण्याचे काम मात्र अजून माणसालाच करावे लागते. ओढ्यावरचा पूल संगणकाने जमीन समजून ठेवला, तर नकाशात तो ओढ्याला घातलेला बांध ठरतो आणि पाण्याचा सारा हिशेब उलटा होतो. शहरांच्या पूरनकाशांत अशा पुलांनी आणि मोऱ्यांनी गोंधळ घातलेला आढळतो.

ऋतूलाही येथे महत्त्व आहे. इंदूरच्या दक्षिणेकडील विंध्याच्या उतारांवरचे जंगल सागाचे आणि पानझडीचे. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने गळतात आणि लेसरला जमीन मोकळी मिळते. श्रावणात सागाची सुपाएवढी पाने किरण अडवून धरतात, आणि ढगांखालून उड्डाणही कठीण होते. गोव्यातील सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात अशी सवलत मिळत नाही. तेथे जमीन गाठायची, तर दर चौरस मीटरमागे कितीतरी अधिक किरण सोडावे लागतात आणि खर्च त्याच प्रमाणात वाढतो.

माळवा आणि मोजणी

मोजणीचे शास्त्र माळव्याला नवे नाही. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेषा इंदूरशेजारच्या उज्जयिनीवरून जात असे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभ करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांचा मृत्यू १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. त्यांच्यामागून सूत्रे हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी माळव्यातील सिरोंज येथे १८२४-२५ मध्ये आधाररेषा मोजली. त्याच परिसरातील कल्याणपूरची टेकडी पुढे भारतीय नकाशांचा मूळबिंदू ठरली. देशभरातील गावांचे अक्षांश-रेखांश दीर्घकाळ या टेकडीपासून मोजले जात होते.

त्या काळच्या एका अडचणीचा वारसा लायडारकडेही आला आहे. उपग्रह जी उंची सांगतो ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासूनची असते. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाने ठरलेल्या पातळीप्रमाणे वाहते. मध्य भारतात या दोन पातळ्यांमधील अंतर ५० मीटरांहून अधिक आहे आणि ते जागोजागी थोडे थोडे बदलते. हे अंतर नीट वजा केले नाही, तर कागदावरची गटारे चढावर वाहू लागतात. लायडारच्या अहवालात उंची कोणत्या पातळीपासून मोजली आहे, हे पहिल्या पानावर लिहिलेले नसेल, तर तो अहवाल अभियंत्याने परत पाठवावा हे उत्तम.

इंदूरच्या भूमीचा विचार करणाऱ्या आणखी एका पाहुण्याचे नाव येथे घेतले पाहिजे. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात इंदुरास आले. शहरावरील त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. गेडिस यांचा भर आधी पाहणी, मग उपचार यावर होता. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे नगररचनाकाराने पायी हिंडल्याशिवाय रेघ ओढू नये, असा त्यांचा आग्रह. प्लेगच्या काळात त्यांनी इंदुरात दिवाळीची एक आगळी मिरवणूक काढली. तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा होत्या. आज स्वच्छतेसाठी नाव झालेल्या शहराच्या इतिहासातले हे पान फारसे उघडले जात नाही.

गेडिस यांची आणखी एक कल्पना प्रसिद्ध आहे, ती म्हणजे डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीखोऱ्याचा उभा छेद. खाणकरी, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, कोळी अशी माणसे त्या छेदावर आपापल्या उंचीला कशी वसतात, हे त्यांनी दाखवले. लायडारच्या बिंदूमेघातून कोणत्याही दिशेने असा छेद आज क्षणात काढता येतो. त्या छेदावर कोणती माणसे कोणत्या व्यवसायाने राहतात, हे मात्र लायडार सांगत नाही. गेडिस यांना ते विचारावेसे वाटले असते.

कान्ह, सरस्वती आणि तलाव

इंदूरचे भौगोलिक स्थान विलक्षण आहे. शहराच्या दक्षिणेस महूपलीकडे विंध्याचा कडा तुटतो आणि सुमारे ४०० मीटर खाली नर्मदेचे खोरे लागते. तरीही इंदुरात पडलेला पाऊस नर्मदेकडे जात नाही. पठाराचा उतार उत्तरेकडे असल्याने तो कान्ह आणि सरस्वती या लहान नद्यांतून क्षिप्रेत, तेथून चंबळेत आणि शेवटी यमुना-गंगेत जातो. चंबळेचा उगमही महूजवळच्या जानापाव डोंगरावरचाच. म्हणजे बंगालच्या उपसागराचे पाणी आणि अरबी समुद्राचे पाणी येथे एका कड्यावर वेगळे होते. पिण्यासाठी मात्र इंदूरला ती खालची नर्मदाच वर चढवून आणावी लागते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून पंपांनी उचललेले हे पाणी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शहराला पुरवले जात आहे.

अशा जलविभाजकालगतच्या शहरातील ओहळ मुळातच लहान असतात. त्यांचे उगम शहराच्या वेशीवर, पात्रे उथळ आणि उतार मंद. एखादा ओहळ बुजवून त्यावर घरे उभी राहिली, तरी दहा वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही; अकराव्या वर्षीचा एक पाऊस ते लक्षात आणून देतो. उघडी जमीन दाखवणाऱ्या लायडार नकाशात बुजलेल्या ओहळाची पुसट खळगी बहुधा टिकून असते, कारण भराव टाकताना कोणी मूळ पातळी जुळवून घेत नाही. या खळग्या जुन्या होळकरकालीन नकाशांशी ताडून पाहिल्या, तर शहराचा हरवलेला जलमार्ग पुन्हा आखता येतो.

तलावांचे गणित याहून नाजूक. इंदूरचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंत सागर या दोन्हींना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा दर्जा मिळाला आणि २०२५ च्या आरंभी इंदूर व उदयपूर ही भारतातील पहिली पाणथळ-नगरे म्हणून मान्य झाली. मान्यता मिळते ती तलावाला. वाद असतो तो काठाबद्दल. जमिनीचा उतार २०० मीटरला एक मीटर इतका मंद असेल, तर पाण्याची पातळी अर्धा मीटर वाढताच काठ १०० मीटर पुढे सरकतो. एवढ्या पट्ट्यात एक वसाहत बसते. आता असा काठ उपग्रहाच्या उंचीनकाशावरून आखायचा म्हटले, तर त्या नकाशातील चूकच काही मीटरांची असते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानातून तयार झालेला आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा उंचीनकाशा साधारणतः ३० मीटरच्या चौकटींचा आहे आणि त्यात छपरे व झाडेही जमिनीत मिसळली आहेत. त्यावरून आखलेली तलावाची हद्द न्यायालयात टिकणे कठीण. लायडारने आखलेली समपातळी रेषा मात्र तलाव पूर्ण भरला असता पाणी कोठवर येईल, हे वीतभर चुकीच्या आत दाखवू शकते.

पाण्यापुढे स्वतः लायडार मात्र हतबल होतो. जमिनीच्या सर्वेक्षणात वापरला जाणारा अवरक्त लेसर पाणी शोषून घेते, त्यामुळे बिंदूमेघात तलावाच्या जागी काळे भोक दिसते. हिरवा लेसर पाण्यात शिरतो, पण पाणी नितळ असेल तरच. सिरपूरसारख्या शेवाळलेल्या, गढूळ तलावात तोही फार खाली जात नाही. अशा ठिकाणी होडीवरून ध्वनिलहरींनी खोली मोजण्याला पर्याय नाही. गोव्यातील खाजन शेतीचा प्रश्न याच जातीचा आहे. तेथे बांधाची उंची भरतीच्या पातळीपेक्षा किती अधिक, हा शेताच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. बांध लायडारने उत्तम मोजता येतो. मानशीपुढच्या गढूळ पाण्याखालचा गाळ मोजता येत नाही.

जमिनीखाली काय आहे

३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या पटेलनगर भागातील बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू असताना पायाखालची फरशी खचली. खाली जुनी बावडी होती. तिच्या तोंडावर छत टाकून वरची जागा वापरात आणलेली होती. त्या दुर्घटनेत ३६ माणसे दगावली.

या घटनेनंतर शहरातील झाकलेल्या बावड्या आधुनिक तंत्राने शोधून काढाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त होणे स्वाभाविक आहे. येथे लायडारची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. लेसर प्रकाश आहे. तो काँक्रीटमधून, मातीतून किंवा दगडातून जात नाही. छताखालची पोकळी त्याला दिसत नाही. त्यासाठी जमिनीत शिरणाऱ्या रेडिओलहरींचे, म्हणजे भूभेदी रडारचे साधन वेगळे आहे, आणि माळव्याच्या चिकण काळ्या मातीत, विशेषतः ती ओली असताना, त्या लहरीही फार खोल जात नाहीत. म्हणून पहिला शोध कागदांत घ्यावा लागतो. जुने नगरनकाशे, महसुली नोंदी आणि वस्तीतील वृद्धांची आठवण यांवरून बावडीची जागा कळते. नंतर त्या जागेभोवतीची जमीन दर वर्षी लायडारने मोजली, तर फरशी हळूहळू खचते आहे का, हे काही सेंटीमीटरांच्या फरकाने ओळखता येते. उघड्या असलेल्या बावडीच्या आत मात्र जमिनीवर ठेवायचा लायडार उतरवून तिची प्रत्येक पायरी, कमान आणि भेग टिपता येते. दुरुस्तीच्या आधी अशी नोंद करून ठेवणे फारसे महागही राहिलेले नाही. २०२० पासून काही मोबाइल फोनांतही लहानसा लायडार बसवलेला असतो. त्याचा पल्ला पाच मीटरांच्या आसपासच असला, तरी एखाद्या कोनाड्याचे माप घेण्यास तो पुरतो.

इंदुराहून जेमतेम शंभर किलोमीटरवरचे मांडू हे दुर्गनगर या दृष्टीने फार समृद्ध स्थळ आहे. विंध्याच्या टोकावरील त्या पठारावर नदी नाही. पावसाचे पाणी तलाव, कुंड आणि बावड्या यांत साठवूनच तेथे राजधानी नांदली. कंबोडियात अंगकोरच्या परिसरात २०१२ मध्ये झालेल्या हवाई लायडार सर्वेक्षणाने मंदिरांभोवतीच्या जंगलाखालचे रस्ते, वस्त्या आणि कालवे उजेडात आणले. बेलीझमधील काराकोल या माया नगरीत ते त्याआधी, २००९ मध्ये घडले. मांडूचे जलमार्ग झुडपांखाली झाकले गेले आहेत, आणि असे जलमार्ग शोधण्यात या तंत्राचा हातखंडा आहे.

जंगल, रोपे आणि वजन

जून २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा राज्यांतील निवडक वनक्षेत्रांचे लायडारवर आधारित प्रकल्प अहवाल प्रकाशित केले. त्या दहा राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्याबरोबर गोव्याचाही समावेश होता. हे काम वापकॉस या सरकारी कंपनीकडे सोपवलेले होते. जंगलात पडणारे पाणी जंगलातच अडवावे, त्यामुळे वन्य प्राण्यांना पाणी व चारा आतच मिळावा आणि त्यांचे गावात येणे कमी व्हावे, असा या योजनेचा हेतू. लायडारने घडवलेल्या भूमीच्या त्रिमितीय प्रतिमानावरून ओघळी कोठे आहेत हे पाहून नालाबंडिंग, दगडी जाळीचे बंधारे, पाझर तलाव, शेततळी यांच्या जागा सुचवल्या गेल्या. कल्पना उत्तम, तिचे मोल मात्र सुचवलेल्या जागी प्रत्यक्ष किती बंधारे झाले आणि त्यांत मे महिन्यात पाणी राहिले का, यावरूनच ठरेल. लायडारचे दुसरे उड्डाण त्याचसाठी हवे असते, आणि आपल्याकडे निधी बहुधा पहिल्या उड्डाणालाच मिळतो.

इंदुरात या दुसऱ्या उड्डाणाची एक नामी संधी आहे. १४ जुलै २०२४ रोजी शहरालगतच्या रेवती रेंज येथे २४ तासांत बारा लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. लावलेले रोप आणि जगलेले झाड या निराळ्या गोष्टी आहेत. पहिली दोन-तीन वर्षे रोप गवताइतकेच उंच असते आणि हवाई लायडारला ते गवतातून वेगळे काढता येत नाही. त्या काळात मोजणी पायीच करावी लागते. पुढे झाडे डोक्याइतकी वाढली की दर दोन वर्षांच्या उड्डाणांतून कोणत्या उतारावरची झाडे तगली, कोठली खुरटली आणि कोठे नुसतेच खड्डे उरले, हे मोजून सांगता येते. रालामंडल अभयारण्य तुलनेसाठी तयारच आहे. होळकरांची ही जुनी शिकारगाह १९८९ मध्ये अभयारण्य झाली.

झाडांच्या उंचीवरून त्यांचे वजन आणि त्यातील कार्बन काढण्याची रीत आहे. त्यासाठी प्रत्यक्ष जंगलात जाऊन काही झाडांचा घेर व उंची मोजून सूत्र बसवावे लागते. सागाचे सूत्र अंजनाला चालत नाही आणि माळव्याच्या कोरड्या उतारावरचे सूत्र मोले किंवा महावीर अभयारण्यातील जंगलाला लागू पडत नाही. नासाने डिसेंबर २०१८ मध्ये अंतराळस्थानकावर पाठवलेले गेडी हे यंत्र सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यांतून जगभरच्या उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतील जंगलांची उंची मोजते. सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेला आइससॅट-२ हा उपग्रह हिरव्या लेसरचे १०,००० स्पंद दर सेकंदाला सोडतो. दोन्हींच्या मार्गरेषा माळव्यावरून आणि गोव्यावरून जातात. ही रेषांवरची नमुनामोजणी आहे, सलग नकाशा नव्हे. एखाद्या विशिष्ट वनखंडाबद्दल तिच्या आधारे छातीठोक विधान करता येत नाही.

देपालपूरपासून मनमाडपर्यंत

शहरी जमिनीच्या अभिलेखांसाठी केंद्र सरकारने ‘नक्शा’ हा कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील रायसेन येथून सुरू केला. पहिल्या टप्प्यात २६ राज्ये आणि तीन केंद्रशासित प्रदेशांतील १५२ नगरे घेतली गेली. निवड लहान नगरांची असल्याने इंदूर महानगर त्यात नाही. इंदूर जिल्ह्यातील देपालपूर आहे. या कार्यक्रमात सरळ खाली पाहणारा कॅमेरा, तिरप्या कोनातून पाहणारा कॅमेरा आणि त्याच्या जोडीला लायडार, अशा तीन प्रकारच्या हवाई मोजण्यांची योजना आहे. घराची भिंत, गच्ची आणि शेजाऱ्याच्या अंगणावर आलेला छज्जा हे सारे त्यात मोजले जाते. मिळकतीचा हक्क मात्र मोजणीने ठरत नाही; त्यासाठी कागदपत्रे आणि प्रत्यक्ष चौकशी लागतेच.

रेल्वेमार्गांच्या आखणीत लायडारने वेळेची मोठी बचत केली. मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान मार्गाचे जमिनीवरील सर्वेक्षण एरवी दहा-बारा महिन्यांचे काम. ते विमानातील लायडारने सुमारे बारा आठवड्यांत उरकले. पुढे मुंबई–नागपूर मार्गासाठीही हीच पद्धत निवडली गेली. इंदूरकरांच्या आणि खानदेश-नाशिककरांच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड–इंदूर मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. सातपुड्याची रांग, नर्मदेचे खोरे आणि विंध्याचा कडा हे तिन्ही त्याला ओलांडायचे आहेत. कड्यावरच्या झाडीखालची खरी जमीन, सुटे दगड आणि जुन्या दरडींच्या खुणा बोगद्याची जागा ठरवण्याआधी कळणे किती मोलाचे असते, हे २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

याच तंत्राची एक शाखा जमिनीऐवजी आकाशाकडे पाहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८६ पासून लेसरने हवेतील धूलिकणांचे थर मोजण्यास सुरुवात झाली. हिवाळ्याच्या रात्री इंदूरसारख्या पठारी शहरावर थंड हवेचे झाकण किती उंचीवर बसते आणि धूर त्याखाली किती काळ कोंडून राहतो, हे रस्त्यावरच्या प्रदूषणमापकाला कळत नाही, लायडारला कळते.

मोजलेले कोणाला मिळते

भारतात नकाशे काढण्यावरचे जुने निर्बंध फेब्रुवारी २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणात शिथिल झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले. तरीही इंदूरभोवती उड्डाण सोपे नाही, कारण एका बाजूस विमानतळ आणि दुसऱ्या बाजूस महूची लष्करी छावणी. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने २०३० पर्यंत देशाच्या मैदानी भागाचे २५ सेंटीमीटर आणि डोंगराळ भागाचे एक ते तीन मीटर अचूकतेचे उंचीप्रतिमान तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

इंग्लंडमध्ये पर्यावरण विभागाने आपले लायडार सर्वेक्षण २०१५ पासून सर्वांना विनामूल्य खुले केले. नेदरलँड्स या काही भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या देशात संपूर्ण भूमीचे उंचीप्रतिमान कोणीही उतरवून घेऊ शकतो. तेथे शेतकरी आपल्या शेताचा उतार पाहतो, विमा कंपनी पूररेषा पाहते आणि हौशी इतिहासकार जुना तटबंदीचा उंचवटा शोधतो. भारतात सार्वजनिक पैशातून झालेली लायडार मोजणी अद्याप बहुतांशी ज्या कामासाठी झाली त्याच खात्यात राहते. रेल्वेसाठी उडालेल्या विमानाने टिपलेले ओढे जलसंपदा खात्याला मिळतीलच, असे नाही. तोवर इंदूरच्या किंवा पणजीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हाताशी असलेली सामग्री म्हणजे गेडी आणि आइससॅट-२ यांच्या मोजण्या. त्या विनामूल्य मिळतात, साध्या संगणकावर उघडतात, आणि यशवंत सागराची पातळी उन्हाळ्यात किती उतरली किंवा चोरलच्या जंगलातील साग किती उंच आहे, याचा ढोबळ अंदाज घेण्यास ही सामग्री आज उपयोगी पडू शकते.